‘कोणाकडे आहे का?’ : ईमेलच्या पहिल्या काळातले अभ्यासक आणि त्यांचे प्रश्न

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे हेडफोन पुन्हा एकदा हरवलेत, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार. बोलताना घाईत सुटलेल्या दोन-चार गोष्टी इथे जास्तीच्या घातल्यात.

समजा, १९८५ साल आहे. तुम्ही कॅनडातल्या एका विद्यापीठात जुन्या लॅटिन काव्याचा अभ्यास करताय. एक शब्द अख्ख्या ग्रंथात कुठेकुठे आणि कोणत्या संदर्भात येतो, ते तुम्हाला बघायचंय. विद्यापीठात कॉम्प्युटर आहे, पण ग्रंथ कॉम्प्युटरमध्ये नाही. तो टाईप करायला बसलात तर कित्येक महिने जाणार. आणि तुम्ही इकडे टाईप करत असताना इंग्लंडमधल्या एखाद्या अभ्यासकाने तोच ग्रंथ कधीच टाईप करून, काम संपवून, टेप कपाटात ठेवून दिलीय. तुम्हाला हे कळणार कसं?

कळण्याचे मार्ग तीन. एक, पत्रं लिहायची. दोन, परिषदेला जायचं आणि चहाच्या वेळी विचारत फिरायचं. तीन, नशीब.

१९८० च्या दशकात यात चौथा मार्ग आला. एक ओळ टाईप करायची, ‘अमुक ग्रंथ कोणाकडे आहे का?’, आणि ती एकाच वेळी अनेक देशांतल्या अभ्यासकांच्या मेलबॉक्समध्ये जाऊन पडायची. आजचा भाग त्या एका ओळीबद्दल आहे. ती विचारता यायला लागल्यावर भाषा, साहित्य, इतिहास यांच्या अभ्यासात काय बदललं? आणि ती विचारायची सोय कोणाला होती, कोणाला नव्हती?

ईमेलच्या आधीचं ‘कोणाला ठाऊक आहे का?’

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. अनोळखी अभ्यासकांना जाहीर प्रश्न विचारायची पद्धत इंटरनेटने शोधलेली नाही. लंडनमध्ये १८४९ साली विल्यम थॉम्स या गृहस्थांनी ‘नोट्स अँड क्वेरीज’ नावाचं साप्ताहिक सुरू केलं. नावातच सगळं आलं: टिपणं आणि शंका. एका अंकात कोणीतरी विचारायचं, या म्हणीचा उगम काय? पुढच्या कुठल्यातरी अंकात कोणीतरी उत्तर द्यायचं.

आपल्याकडेही हे होतं बरं का. १८७२ साली मुंबईत जेम्स बर्जेस यांनी ‘इंडियन अँटिक्वरी’ हे नियतकालिक सुरू केलं. शिलालेख, ताम्रपट, नाणी, लोककथा यांवरच्या लेखांबरोबर त्यात टिपणं आणि शंकांनाही जागा होती. म्हणजे भारतात बसलेला अभ्यासक आणि युरोपात बसलेला अभ्यासक एकाच पानावर एकमेकांना विचारू शकत होते. अडचण एकच. प्रश्न छापून यायला एक महिना, बोटीने युरोपात पोचायला काही आठवडे, उत्तर लिहून परत यायला तेवढेच, आणि मग पुन्हा छपाई. आजच्या भाषेत सांगायचं तर लेटन्सी काही महिन्यांची.

मोठी कामंही अशीच, पत्रांवर चालली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. चिकित्सक आवृत्ती म्हणजे वेगवेगळ्या प्रांतांतल्या, वेगवेगळ्या लिप्यांतल्या हस्तलिखित पोथ्या जमवायच्या, ओळीशी ओळ ताडून बघायची आणि सगळ्यांत जुना, सिद्ध करता येईल असा पाठ ठरवायचा. या कामात एकूण १,२५९ हस्तलिखितं विचारात घेतली गेली. सगळ्या पोथ्या पुण्यात आणणं शक्य नव्हतं, म्हणून तंजावर आणि शांतिनिकेतन इथेही पाठ ताडून बघायची केंद्रं होती. सगळा कारभार टपालाने. काम पूर्ण झालं १९६६ साली, म्हणजे ४७ वर्षांनी. हा महाभारत ध्यानात ठेवा. पुढे तो परत येणार आहे.

पंचकार्डांच्या वारशावर चालणारं जाळं

आता तारांकडे येऊ. १९८१ साली न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचे आयरा फुक्स आणि येल विद्यापीठाचे ग्रेडन फ्रीमन यांनी आपापल्या विद्यापीठांचे आयबीएमचे मोठे कॉम्प्युटर भाड्याच्या टेलिफोन लाईनने जोडले. या जाळ्याचं नाव बिटनेट. अमेरिकेत तेव्हा अर्पानेट होतंच, पण ते संरक्षण खात्याच्या पैशावर चालायचं आणि तिथे प्रवेश मोजक्यांनाच. बिटनेटचा नियम साधा होता: जवळच्या सदस्य विद्यापीठापर्यंतच्या लाईनचा खर्च तुम्ही करा, आणि उद्या दुसऱ्या कोणाला तुमच्यामार्फत जोडायचं असेल तर त्याला नाही म्हणू नका. चाळीत एकाच्या नळावरून शेजाऱ्याने पाईप टाकावा, त्याच्यावरून पुढच्याने, तसं ते वाढत गेलं. कॅनडात त्याचं भावंड नेटनॉर्थ, युरोपात अर्न. तिन्ही एकमेकांना जोडलेली.

साहित्य आणि इतिहासाच्या लोकांसाठी यात मोठी गोष्ट ही, की लाईनचं भाडं विद्यापीठ भरायचं. प्रत्येक संदेशाला वेगळे पैसे पडत नसत. ज्या विभागाचं बजेट जेमतेम पुस्तकांपुरतं, त्या विभागातला माणूससुद्धा रोज दहा पत्रं पाठवू शकत होता.

तंत्र मात्र मजेशीर होतं. बिटनेट आजच्या इंटरनेटसारखं पॅकेटवर चालत नव्हतं. पूर्ण फाईल एका ठाण्यावरून पुढच्या ठाण्यावर जायची, तिथे थांबायची, लाईन मोकळी झाली की पुढे. अगदी एसटीच्या पार्सलसारखं. त्याची मूळ कल्पना पंचकार्डांची होती, म्हणून ईमेलची एक ओळ म्हणजे एक कार्ड आणि कार्डावर ८० अक्षरं. लाईनचा वेग साधारण ९,६०० बिट प्रति सेकंद. हिशोब करा: एका सेकंदाला जास्तीत जास्त १,२०० अक्षरं. दहा लाख अक्षरांचा ग्रंथ पाठवायचा तर एका टप्प्याला जवळजवळ १४ मिनिटं, तीही सगळी लाईन एकट्याला मिळाली तर. मध्ये पाच-सहा ठाणी असली की झालं! त्यामुळे ग्रंथ सहसा टेपवर टपालाने जायचे, आणि तारेवरून जायचे ते प्रश्न. एक प्रश्न म्हणजे फार तर पाचशे-हजार अक्षरं. या जाळ्याला पेलेल असं तेच ओझं होतं.

अजून एक गंमत. या जाळ्यावर नाव जास्तीत जास्त आठ अक्षरांचं. आज ज्या तीन याद्यांबद्दल मी बोलणार आहे, त्यांची नावं ह्युमॅनिस्ट, लिंग्विस्ट आणि इंडॉलॉजी. रोमन लिपीत मोजून बघा. तिन्ही बरोबर आठ.

७ मे १९८७, टोरँटो

‘यादी’ म्हणजे मेलिंग लिस्ट. एका पत्त्यावर मेल टाकली की ती सगळ्या सदस्यांना जाते. ती सांभाळायला लिस्टसर्व्ह नावाचा प्रोग्रॅम होता. १९८६ साली पॅरिसमध्ये एरिक टोमास या विद्यार्थ्याने तो नव्याने लिहिला, आणि सदस्य नोंदवणं, काढून टाकणं, जुनी पत्रं जपून ठेवणं ही सगळी कामं माणसाशिवाय व्हायला लागली. सामील व्हायचं तर प्रोग्रॅमलाच एक ओळीची मेल करायची. बॉट म्हणतो ना आपण, तेच.

त्याच्या पुढच्या वर्षी, १९८७ च्या वसंतात, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात कोलंबिया इथे एक परिषद झाली. विषय : कॉम्प्युटर आणि मानव्यविद्या. मानव्यविद्या म्हणजे साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, भाषा ही सगळी मंडळी. तिथे काही जण वेगळे बसून बोलले. हे लोक विद्यापीठांत प्राध्यापकांना कॉम्प्युटर वापरायला मदत करायचे. गंमत म्हणजे त्यांच्यातल्या अनेकांनी स्वतः साहित्यात वगैरे संशोधन केलेलं. पण साहित्य विभागाच्या लेखी ते ‘कॉम्प्युटरवाले’, आणि कॉम्प्युटर केंद्राच्या लेखी ‘ते साहित्यवाले’. मान दोन्हीकडे कमी. आणि प्रत्येक जण आपापल्या विद्यापीठात एकटा.

टोरँटो विद्यापीठात काम करणारे विलर्ड मॅकार्टी हे त्यांतले एक. मिल्टनच्या काव्याचे अभ्यासक. त्यांनी परत आल्यावर ७ मे १९८७ ला ह्युमॅनिस्ट ही यादी सुरू केली. सुरुवातीला मूठभर माणसं. हेतू एवढाच, की एकट्या पडलेल्या लोकांनी एकमेकांना विचारावं.

मॅकार्टी यांनी एक नियम ठेवला, आणि मला तो या सगळ्या गोष्टीतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. नव्या सदस्याने स्वतःची ओळख लिहून पाठवायची. मी कोण, काय शिकलो, कशावर काम करतोय, कशात अडलोय. या ओळखी जमवून सगळ्या सदस्यांना पाठवल्या जायच्या. म्हणजे प्रश्न कोण विचारतंय ते उत्तर देणाऱ्याला माहीत. एखाद्याने हस्तलिखित स्कॅन करण्याबद्दल विचारलं, तर तो मध्ययुगीन फ्रेंचवाला आहे की हिब्रूवाला, हे ओळख वाचून कळायचं. उत्तर त्याप्रमाणे द्यायचं.

विचारायचे काय? खूप व्यवहारी गोष्टी. अमुक लेखकाचं लेखन मशीनवर वाचता येईल अशा रूपात कुठे मिळेल? शब्दसूची करायला कोणता प्रोग्रॅम बरा? जुन्या छपाईचं पुस्तक स्कॅनर वाचतो का? ग्रीक अक्षरं पडद्यावर कशी आणायची? उत्तरंही तशीच. ऑक्सफर्डला १९७६ पासून लू बर्नार्ड यांनी उभारलेलं ‘ऑक्सफर्ड टेक्स्ट आर्काइव्ह’ होतं, म्हणजे अभ्यासकांनी टाईप केलेले ग्रंथ ठेवायचं कोठार. कॅलिफोर्नियात १९७२ पासून प्राचीन ग्रीक साहित्याचं प्रचंड संकलन चालू होतं. पण असं काही आहे, ते मागायचं कसं, त्याच्या टेपा आपल्या मशीनवर चालतात का, हे ज्याने आधी केलंय तोच सांगू शकतो.

‘मला माहीत नाही’ हे सगळ्यांसमोर म्हणणं

आता जरा थांबून विचार करा. प्राध्यापक माणूस. त्याची सगळी प्रतिष्ठा कशावर? माहीत असण्यावर. आणि ही यादी त्याला म्हणते, चारचौघांत सांग की तुला हे माहीत नाही. वर ते जपूनही ठेवलं जाणार!

प्रयोगशाळेतल्या विज्ञानात माणसं गटाने काम करतात, रोज एकमेकांना विचारतात. साहित्य-इतिहासात पद्धत वेगळी. एक माणूस, एक खोली, दहा वर्षं, मग एक पुस्तक. प्रश्न उघड केला तर विषय दुसरा कोणी पळवेल ही भीतीही असते. ती भीती खोटी नव्हे. पण व्यवहारी प्रश्नांत ती कमी. स्कॅनर चालत नाही हे सांगण्यात कोणाचा प्रबंध चोरीला जात नाही. म्हणून लोक आधी छोटं विचारायला लागले, मग सवय झाली, आणि सवय झाल्यावर मोठे प्रश्नही यायला लागले. हा शब्द इथे असा का वापरलाय? अर्थ म्हणजे नेमकं काय, ते कॉम्प्युटर मोजू शकतो का?

विचारायची रीतही हळूहळू घडली. डिसेंबर १९९० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधून अँथनी अरिस्टार यांनी भाषाशास्त्रज्ञांसाठी लिंग्विस्ट ही यादी सुरू केली. तिथे एक सुंदर प्रथा रुजली. प्रश्न सगळ्यांना विचारायचा, पण उत्तरं विचारणाऱ्याला खाजगीत पाठवायची. मग विचारणाऱ्याने सगळ्या उत्तरांचा सारांश करून तो यादीवर टाकायचा. एकच उत्तर पंधरा जणांनी दिलं तरी सगळ्यांच्या मेलबॉक्सचा उकिरडा होत नाही, आणि पुढच्या माणसाला नेटकं उत्तर मिळतं. मदत घेतलीस ना, मग ती आवरून परत ठेव. आपल्याकडे पंगतीत जेवलेल्याने पुढच्या पंगतीला वाढायला उभं राहायचं, तसंच हे.

मदत मागता मागता मानक तयार झालं

सगळे एकमेकांच्या फाईली मागायला लागल्यावर एक जुनी डोकेदुखी सगळ्यांना एकदम दिसली. प्रत्येकाने ग्रंथ आपल्या मनाने टाईप केलेले. एकाने नव्या अध्यायासाठी डॉलरचं चिन्ह टाकलेलं, दुसऱ्याने तारा, तिसऱ्याने काहीच नाही. फाईल मिळाली तरी समजायची नाही. कमेंट नसलेला दुसऱ्याचा कोड हातात आला की जे होतं, तेच.

नोव्हेंबर १९८७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी, वॅसर कॉलेजात या प्रश्नावर बैठक झाली आणि त्यातून ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’ उभं राहिलं. थोडक्यात, ग्रंथ कॉम्प्युटरमध्ये कसा मांडायचा याचे सर्वांना चालतील असे नियम. पहिला मसुदा १९९० ला आला. संपादक लू बर्नार्ड आणि मायकल स्परबर्ग-मॅक्वीन. हे दुसरे मूळचे जर्मन साहित्याचे अभ्यासक. पुढे १९९८ साली एक्सएमएल हे मानक आलं, तेव्हा त्याच्या संपादकांत हेच स्परबर्ग-मॅक्वीन होते.

माझ्यासारख्या बीटेकवाल्यांनी हे जरा लक्षात घ्यावं. ज्या एक्सएमएल फाईलींना आपण ऑफिसात बसून शिव्या घालतो, त्यांच्या मागे साहित्याच्या अभ्यासकांनी एकमेकांच्या फाईली वाचण्यासाठी केलेली खटपट आहे.

संस्कृत, कॅपिटल अक्षरं आणि लिव्हरपूल

नोव्हेंबर १९९० मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर डॉमिनिक वुयास्टिक यांनी इंडॉलॉजी ही यादी सुरू केली. विषय प्राचीन भारत: संस्कृत, प्राकृत, आयुर्वेद, व्याकरण, बौद्ध ग्रंथ, सगळं.

पण यांची पंचाईत इतरांपेक्षा मोठी. देवनागरी सोडाच, रोमन लिपीत संस्कृत लिहिताना अक्षरांच्या डोक्यावर रेघा आणि खाली टिंबं देतात, तीसुद्धा या तारांवरून जायची नाहीत. आयबीएमचे कॉम्प्युटर अक्षरांना एक आकडे द्यायचे, बाकीचे दुसरे. मध्ये भाषांतर व्हायचं आणि त्यात महिरपी कंस, नागमोडी रेघ असली चिन्हं हमखास बिघडायची. सुखरूप पोचायची ती साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे.

मग तोडगा काय? कॅपिटल अक्षरांना वेगळं काम द्यायचं. हार्वर्ड-क्योटो म्हणून ओळखली जाणारी पद्धत अशी: छोटा ‘ए’ म्हणजे ‘अ’, मोठा ‘ए’ म्हणजे ‘आ’. छोटा ‘टी’ म्हणजे ‘त’, मोठा ‘टी’ म्हणजे ‘ट’. ‘श’ साठी ‘झेड’. कृष्ण लिहायचा तर छोटा ‘के’, मोठा ‘आर’, मोठा ‘एस’, मोठा ‘एन’, छोटा ‘ए’. दिसायला विचित्र, जणू कोणी चिडून ओरडतंय. पण कुठल्याही मशीनमधून धडधाकट बाहेर यायचं. नेदरलँड्समध्ये फ्रान्स वेल्टहाऊस यांनी टेक या छपाईच्या प्रोग्रॅमसाठी देवनागरी अक्षरं केली, त्यांची टाईप करायची पद्धत वेगळी. अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्सची आणखी वेगळी. आज तुम्ही मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत ‘नमस्कार’ टाईप करता आणि देवनागरी उमटतं ना, ती कल्पना तेव्हाच घडत होती. १९९० साली व्हिएन्नाला जागतिक संस्कृत परिषद भरली, तिथेही अक्षरांना कोणते आकडे द्यायचे यावर अभ्यासक एकत्र बसले. याच व्हिएन्नाला १८८६ साली प्राच्यविद्या परिषदेसाठी पुण्याचे रामकृष्ण गोपाळ भांडारकर बोटीने गेले होते.

आणि आता महाभारत परत येतो. पुण्याच्या आवृत्तीचा पाठ जपानमध्ये क्योटो विद्यापीठाचे मुनेओ तोकुनागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात कॉम्प्युटरमध्ये टाईप केला आणि इतरांना खुला केला. एवढ्या मोठ्या ग्रंथात टायपिंगच्या चुका राहणारच. केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तो तपासून, सुधारून घेतला, आणि ती सुधारित डिजिटल संहिता भांडारकर संस्थेच्या नावाने उपलब्ध झाली. ज्या कामाला पत्रांच्या काळात ४७ वर्षं लागली, त्यात आता एखादा शब्द शोधायला काही सेकंद पुरतात. पुणे, क्योटो, केंब्रिज आणि परत पुणे.

मग तारेवर कोण नव्हतं?

इथवरची गोष्ट गोड आहे. आता दुसरी बाजू.

भारतात १९८६ साली इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट हा प्रकल्प सुरू केला. सुरुवातीच्या संस्था आठ: दिल्ली, मुंबई, कानपूर, खरगपूर आणि मद्रास इथल्या पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईत जुहूला असलेलं एनसीएसटी, आणि दिल्लीतला खुद्द इलेक्ट्रॉनिक्स विभाग. १९८७ च्या सुमारास एनसीएसटी आणि आयआयटी मुंबई यांच्यात डायल-अपवर ईमेल सुरू झाली. १९८९ साली एनसीएसटीतून अमेरिकेपर्यंत ९,६०० बिटची कायमची लाईन जोडली गेली. म्हणजे देश जोडला गेला, आणि तोही आपल्या मुंबईतून. अभिमानाचीच गोष्ट.

पण त्या आठ नावांकडे पुन्हा बघा. पोथ्या सांभाळणारी, संस्कृत किंवा इतिहासाचं संशोधन हेच काम असलेली एकही संस्था त्यांत नाही. जुहू ते पुण्याचा लॉ कॉलेज रोड अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. तरी तारेच्या हिशोबाने जुहूपासून व्हर्जिनिया जवळ होतं आणि भांडारकर संस्था लांब. सामान्य माणसाला विकतचं इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमने सेवा सुरू केली तेव्हा. इंडॉलॉजी यादी त्याआधी जवळजवळ पाच वर्षं चालू होती.

त्या यादीवर मराठी माणसं होती. मिशिगन विद्यापीठातले माधव देशपांडे, व्हँकुव्हरला ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले अशोक अकलूजकर, दोघेही संस्कृत व्याकरणाचे नामांकित अभ्यासक. देशपांडे पुण्यात शिकलेले. म्हणजे पुण्याच्या संस्कृत परंपरेतलं ज्ञान या जाळ्यावर आलं ते मिशिगनमार्गे. प्रश्न प्राचीन भारताबद्दलचे, पोथ्या भारतातल्या, आणि चर्चेचा पत्ता लिव्हरपूलचा. पोथी उघडून प्रत्यक्ष पान बघू शकेल असा माणूस पुण्यात, वाराणसीत किंवा तंजावरला बसलेला, आणि विद्यापीठाची तार त्याच्यापर्यंत गेलेली नाही.

यात कोणाचा दुष्टपणा होता असं मला म्हणायचं नाही. यादी कोणालाही बंद नव्हती. पण दार उघडं असणं वेगळं आणि दारापर्यंत रस्ता असणं वेगळं. सदस्य विद्यापीठाने लाईनचा खर्च करायचा, हा बिटनेटचा नियम साधा आणि उदार होता. ज्या संस्थेकडे कॉम्प्युटरच नाही तिच्यासाठी मात्र तोच नियम भिंत झाला. ज्ञान कोणाकडे आहे यावर जाळं ठरत नाही, खर्च कोणाला परवडतो यावर ठरतं. हे आजही खरं आहे, फक्त ठिकाणं बदलली.

आज आपण कोणाला विचारतो?

बिटनेट १९९० च्या दशकात इंटरनेटमध्ये विरून गेलं. याद्या मात्र टिकल्या. ह्युमॅनिस्ट अजून चालू आहे, आणि तिचं नवं वर्ष आजही ७ मे लाच सुरू होतं. इंडॉलॉजीही चालू आहे. दोन्हींची जुनी पत्रं कोणालाही वाचता येतात. मी ह्युमॅनिस्टचे पहिल्या वर्षाचे संदेश फोनवर वाचते, तेव्हा मला सर्वांत जास्त भावतं ते हे, की तिथले विचारणारेही मोठे विद्वान आहेत. ‘मला हे जमत नाहीये, कोणी केलंय का?’ हे ते मोकळेपणाने लिहितात, आणि कोणी हसत नाही.

आता आपलं बघू. अडलं की आपण कोणाला विचारतो? बहुतेक वेळा चॅटबॉटला. नाहीतर व्हॉट्सॲपवर ओळखीच्या एकाला. दोन्हीकडे उत्तर पटकन मिळतं, आणि मी काही चॅटबॉट वापरू नका म्हणणारी नाही, माझं निम्मं काम त्यावर चालतं. पण तो प्रश्न आणि ते उत्तर तुमच्या फोनमध्येच राहतं. उद्या बीडमधल्या एखाद्या मुलीला तोच प्रश्न पडला तर तिला पुन्हा शून्यापासून सुरुवात. १९८५ च्या त्या लॅटिनवाल्यासारखं, एकच ग्रंथ दोघांनी वेगवेगळा टाईप करायचा.

आमच्या टीममध्ये एक शिस्त आहे. प्रश्न खाजगी मेसेजमध्ये विचारायचा नाही, सगळ्यांच्या चॅनेलवर विचारायचा. नवीन मुलांना सुरुवातीला लाज वाटते. पण सहा महिन्यांनी त्याच चॅनेलवर शोधून कोणीतरी स्वतःचं काम अडल्याशिवाय पुढे नेतं.

मराठीत तर याची फार गरज आहे. मोडी कागदातला एक शब्द लागत नाही, गावच्या मंदिरावरचा शिलालेख वाचता येत नाही, आजीच्या ओवीतल्या एका शब्दाचा अर्थ घरात कोणालाच ठाऊक नाही, असे प्रश्न हजारो लोकांना पडतात. आणि उत्तर माहीत असलेली माणसंही आहेत. त्यांच्याही हातात आता फोन आहे, म्हणजे तारेची अडचण बरीचशी सुटली. तर असा तुमचा एखादा अडलेला प्रश्न असेल तर तो उघड जागी विचारा. सोबत आपण कोण, काय शोधतोय आणि आत्तापर्यंत काय करून बघितलंय ते लिहा. उत्तर मिळालं की सारांश तिथेच टाका, पुढच्या माणसासाठी.

पुढच्या भागात आपण मोडी लिपीकडे जाणार आहोत. त्याबद्दल काही शंका असतील तर आत्तापासून पाठवा, आणि शक्यतो सगळ्यांना दिसतील अशाच. भेटू!